खडू कुणाच्या हातात?

बैठक चालवायला बाहेरून माणूस आणायचा, त्याला दिवसाचे पैसे मोजायचे, आणि त्याला आपल्या कामातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं, उलट तेच बरं, असं कुणी मला नोकरीच्या ऐन भरात सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून गेटपर्यंत सोडून आलो असतो. मी फाउंड्रीतला माणूस. कोल्हापूरच्या आसपासच्या कारखान्यांत मेल्टिंगला सुरुवात केली आणि वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. आमच्या धंद्यात भट्टीसमोर उभं राहिल्याशिवाय कुणाच्या मताला किंमत नसते. आज मीच दुसऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन त्यांच्या बैठका चालवतो आणि तिथल्या कामाबद्दल अवाक्षर काढत नाही. ओळखीचे लोक याला रिकामपणचा उद्योग समजतात. समजोत बापडे. माझं मत बदललं ते कसं, एवढंच इथे सांगायचं आहे.

आधी जुन्या मताची बाजू, कारण ते मत अगदीच खुळचट नव्हतं.

फॅसिलिटेटर नावाची व्यक्ती मी पहिल्यांदा पाहिली ती पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलात. कंपनीने सगळ्या फोरमन मंडळींना दोन दिवस नेलं होतं. फुगे होते, दोऱ्या होत्या, रंगीत चिठ्ठ्या होत्या. सूटबुटातल्या त्या तरुणाने एकेकाला उभं करून विचारलं, ‘तुम्ही फळ असता तर कोणतं फळ असता?’ फेटलिंगचे, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या विभागाचे, आमचे फोरमन, वय साठीकडे झुकलेलं, मिशा पांढऱ्या. ते उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘फणस.’ सगळे हसले, तेही हसले. सोमवारी कामावर आलो तर त्यांच्या विभागातला धूळ ओढणारा पंखा आठवडाभर होता तसाच बंद. दोन दिवसांत त्या पंख्याबद्दल कुणी त्यांना विचारलं नव्हतं. मला वाटलं, हा धंदा म्हणजे काम सोडून बाकी सगळं बोलायची सोय.

दुसरं कारण क्वालिटी सर्कलचं. मूळ कल्पना सोन्यासारखी होती. जपानात 1962 साली काओरू इशिकावांच्या पुढाकाराने ही मंडळं सुरू झाली. एकाच जागी काम करणाऱ्यांनी आठवड्यातून थोडा वेळ एकत्र बसावं, आपल्याच कामातली एखादी अडचण धरावी, माशाच्या काट्यासारख्या आकृतीत तिची कारणं मांडावीत आणि मुळाशी जावं. आपल्याकडे 1980 च्या सुमारास हैदराबादच्या भेलमध्ये ती आली, 1982 मध्ये देशपातळीवरचा फोरम झाला, मग स्पर्धा आल्या. आणि स्पर्धा आल्यावर काय व्हायचं ते झालं. उपाय आधीच सापडलेला असायचा, बहुतेक वेळा मेंटेनन्सच्या एखाद्या पोराने दुपारच्या सुट्टीत करून टाकलेला. मग स्पर्धेची तारीख जवळ आली की मागाहून माशाचा काटा काढायचा. उत्तर माहीत असल्यामुळे काट्याची योग्य ती बाजू ठळक करायची, बाकीच्या बाजूंना ‘माणूस’, ‘मशीन’, ‘मटेरियल’ अशी शोभेची कारणं चिकटवायची. असे काटे मी डझनावारी तपासले आहेत, काही स्वतः दुरुस्तही केले आहेत. ढाली अजून कॅन्टीनमध्ये असतील.

आणि तिसरं म्हणजे आपण ज्या सभा लहानपणापासून बघत आलो त्या. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आमच्या भागात ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. अहवालवाचन सुरू व्हायच्या आत पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं, मागून ‘नामंजूर’ येतं, माईक कुणीतरी ओढतो, आणि राष्ट्रगीत होऊन लोक जेवायला जातात. अशा सभा बघून मोठं झालेल्या माणसाची ठाम समजूत होते की सभेत काही ठरत नसतं. ठरतं ते आधी, दोघाचौघांत. सभा फक्त त्यावर शिक्का मारायला.

म्हणून माझा दंडक साधा होता. ज्याला काम कळतं त्याने बैठक घ्यावी, सगळ्यांचं ऐकून घ्यावं, निर्णय द्यावा, लोकांना कामाला लावावं. मी तसंच करत होतो आणि बरं करतो असा माझा लौकिकही होता.

प्रकरण आलं ते ब्लोहोलचं. कास्टिंग बाहेरून नितळ दिसतं. गिऱ्हाइकाकडे मशिनवर चढवलं, वरचा थर निघाला की आतली वायूची पोकळी उघडी पडते. आमच्याकडे पंपाच्या हाउसिंगचा एक जॉब होता, त्यात हे पावसाळ्यात हटकून व्हायचं आणि माल परत यायचा. मेल्टिंगवाले म्हणायचे, कोअर ओले आहेत. कोअर शॉपवाले म्हणायचे, तुम्ही मेटल गार ओतता. दोघं मिळून सँड प्लांटला शिव्या द्यायचे. दर पावसाळ्यात मी बैठका घ्यायचो. मी मेल्टिंगमधून वर आलेला. बैठकीत मी कुणाचीही बाजू घेत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. कोअर शॉपच्या लोकांना तसं वाटत नव्हतं, आणि हे मला सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

धाकटे मालक नुकतेच शिकून आले होते. त्यांनी पुण्याहून एका बाईंना बोलावलं. वय पन्नाशीचं, बोलणं हळू, पायांत साध्या चपला. त्यांना पहिली गोष्ट सेफ्टी शूजबद्दल ऐकावी लागली, तीही माझ्याकडून. फाउंड्री त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली. ‘कोअर म्हणजे नक्की काय?’ असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी धाकट्या मालकांकडे बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते. मी सांगितलं: कास्टिंगच्या आत जी पोकळी हवी असते तिच्या आकाराचा वाळूचा ठोकळा, साच्यात बसवायचा, भोवतीने धातू ओतायचा, मग फोडून काढायचा. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बैठकीच्या आधी त्या माझ्याबरोबर तासभर बसल्या. त्यातला पहिला प्रश्न अजून आठवतो.

‘बैठकीत जे ठरेल ते तुम्ही मान्य करणार का?’

‘योग्य असेल तर करीन की.’

‘योग्य आहे की नाही हे कोण बघणार?’

‘मीच.’

‘मग ते सुरुवातीलाच सांगा. लोक सल्ला देतील, ठरवणार तुम्ही. सल्ल्यासाठी बोलावलंय हे माहीत असलं की लोक रागवत नाहीत. ठरवायला बोलावलंय असं भासवून नंतर फिरवलं, की रागवतात.’

मला हे थोडं झोंबलं, पण बिनतोड होतं. मग त्यांनी दोन अटी घातल्या. बोर्डापाशी मी जायचं नाही आणि बोलायचं सगळ्यांच्या शेवटी. मी विचारलं, ‘बोलणार नाही, पण चेहरा?’ त्या म्हणाल्या, ‘चेहऱ्याचं काही करता येत नाही. म्हणून तुम्हाला मागच्या रांगेत बसवते.’

पहिली पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये सगळे जमले. कोअर शॉप, मोल्डिंग, मेल्टिंग, सँड प्लांट, क्वालिटी, डिस्पॅचचा एक मुलगा. बाईंनी प्रत्येकाला कोरे कागद दिले आणि म्हणाल्या, दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, पावसाळ्यात हा माल का बिघडतो याबद्दल जे जे वाटतं ते लिहायचं, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. बिहारकडच्या दोन पोरांना लिहिणं जड जात होतं, त्यांच्या शेजारी क्वालिटीच्या मुलीला बसवून ती त्यांचं सांगणं उतरवून घेऊ लागली. कॅन्टीनमध्ये दहा मिनिटं शांतता मी तोवर फक्त बॉयलर इन्स्पेक्टर आले तेव्हा पाहिली होती.

मग एकेकाने आपल्या कागदावरचा एकच मुद्दा वाचायचा, पुढच्याकडे जायचं, फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून. मध्ये कुणी बोलायचं नाही, बरोबर-चूक म्हणायचं नाही. बाई बोर्डावर लिहीत होत्या, आणि इथे मी प्रथम सावरून बसलो. कोअर शॉपमधला एक हेल्पर म्हणाला, ‘सकाळी कोअर उचलताना हाताला दमट लागतो.’ बाईंनी लिहिलं: हाताला दमट लागतो. मी बोर्डापाशी असतो तर मी ‘कोअर हँडलिंग’ असं लिहिलं असतं. मला ते अधिक नीटनेटकं वाटलं असतं. त्यात दोष कोअर उचलणाऱ्याच्या माथी गेला असता आणि दमटपणा पुसला गेला असता, आणि दोन्ही गोष्टी माझ्या लक्षातही आल्या नसत्या. बोर्डावर खडू ज्याच्या हातात असतो तो वाक्यागणिक निर्णय देत असतो. वर्षानुवर्षं तो खडू माझ्या हातात होता.

फेऱ्या संपल्या आणि अपेक्षेप्रमाणे दोन फोरमन जुंपले. मेल्टिंगचे आणि कोअर शॉपचे. दोघंही तिथले जुने, एकमेकांचे सोयरे लागत असूनही कामावर बोलत नसत. बाईंनी दोघांना थांबवलं आणि मेल्टिंगच्या फोरमनना म्हणाल्या, ‘मामा, यांचं म्हणणं काय आहे ते तुम्ही सांगा. ते “बरोबर” म्हणेपर्यंत आपण पुढे जायचं नाही.’

‘ह्यांचं म्हणणं हाय की आम्ही गार मेटल ओततो.’

‘तसं न्हाई म्हणत मी,’ कोअर शॉपचे. ‘लॅडलमधनं पयले साचे बरोबर भरतासा. शेवटच्या साच्यांला येईपतूर मेटल गार हुतंय. ते तुमास्नी बी ठावं हाय.’

‘म्हंजे सुरवातीला न्हाई, शेवटाला.’

‘हां. आत्ता बोललासा.’

मग उलट बाजू. कोअर शॉपच्या फोरमननी मेल्टिंगचं म्हणणं सांगायचं. ते दोनदा चुकले, दोनदा मेल्टिंगवाल्यांनी दुरुस्त केलं. शेवटी निघालं ते असं: सगळे कोअर वाईट असतात असं मेल्टिंगचं म्हणणंच नव्हतं. साप्ताहिक सुट्टीच्या आधी करून ठेवलेले आणि सुट्टीनंतर वापरलेले कोअर वाईट असतात, असं होतं. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांवर ओरडत होते ते ‘गार मेटल’ आणि ‘ओले कोअर’ असं. ‘शेवटचे साचे’ आणि ‘सुट्टीनंतरचे कोअर’ हे तपशील कधी कुणाच्या कानापर्यंत पोचलेच नव्हते. माझ्याही नाही.

आमचे कोअर सोडियम सिलिकेटचे, कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेले. हे कोअर हवेतला ओलावा ओढतात, हे पुस्तकात आहे, मला पाठही होतं. कोल्हापुरातल्या जुलैची हवा कशी असते हे सांगायला नको. ओल्या कोअरवर वितळलेला धातू आला की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूत अडकते. त्यामुळे माझ्या मनात निकाल लागलाच होता आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. बाईंनी माझ्याकडे न बघता पुढचा प्रश्न टाकला. ‘माल कुठे बिघडतो ते बोर्डावर आलं. कुठे बिघडत नाही? चांगल्या निघालेल्या मालात कोअर किती दिवसांचे होते?’

कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असणं शक्यच नव्हतं. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो, त्यावरून धातू कधीचा ते कळतं. कोअरवर काहीच नसतं, आणि साचा फोडल्यावर तो वाळू होऊन जातो. शिवाय आमचं रजिस्टर फक्त रिजेक्शनचं. बिघडलेल्या मालाची आम्ही कुंडली मांडायचो आणि चांगला माल ट्रकमध्ये भरून विसरून जायचो.

त्या दिवशी उत्तर सापडलं नाही. ठरलं एवढंच की रोज कोअरप्रिंटवर, म्हणजे धातू लागत नाही त्या भागावर, वाराप्रमाणे वेगळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. साच्यात कोअर बसवणाऱ्याने तो रंग आणि लॅडलमधला (धातू ओतायच्या भांड्यातला) साच्याचा क्रमांक हीट शीटवर टाकायचा, सगळ्या मालाचा, बिघडलेल्या आणि चांगल्याही. मी शेवटी बोललो तेव्हा माझ्याकडे मंजुरी द्यायला उरलं होतं ते रंगाच्या डब्यांचं बिल.

पुढचा पावसाळा संपेपर्यंत शीट भरल्या. जुने कोअर आणि शेवटचे साचे, दोन्हीकडे ब्लोहोल जास्त होते, आणि जिथे दोन्ही एकत्र आले तिथे तर विचारूच नका. कोअर वापरण्याआधी ओव्हनमधून काढायला लागलो, लॅडल लहान केली. रिजेक्शन बरंच उतरलं, शून्य झालं नाही. उरलेलं कशामुळे होतं हे माझ्या निवृत्तीपर्यंत तरी सापडलं नाही. ही चमत्काराची गोष्ट नव्हे.

माझं मत रिजेक्शन उतरल्यामुळे बदललं नाही, कारण ते इतर उपायांनीही उतरलं असतं. बदललं ते माणसांकडे बघून. तीच माणसं, तेच कॅन्टीन, तोच जॉब, तेच भांडण. फाउंड्रीत दहा गोष्टी एकदम बदलतात म्हणून कशामुळे काय झालं ते कळत नाही. इथे जवळजवळ एकच गोष्ट बदलली होती, बोर्डापाशी कोण उभं आहे ती. मी हुशार नव्हतो असं नाही. मी वाईट साहेब होतो असंही नाही, निदान माझ्या तोंडावर कुणी म्हटलेलं नाही. पण ज्याच्या हातात लोकांची इन्क्रिमेंट आहे आणि ज्याचं स्वतःचं एक उत्तर तयार आहे, त्याने प्रश्न विचारला की खोलीतले लोक प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, त्या माणसाला उत्तर देतात. त्यावर मनमोकळेपणाची भाषणं देऊन उपयोग नसतो. मी दिली आहेत.

मग मी वाचायला लागलो. नोकरीतल्या माणसाचं वाचन, झेपेल तेवढं. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा प्रकार न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी लोकप्रिय केला, त्यांचं गाजलेलं पुस्तक 1953 चं. सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने कल्पना सांगत सुटायचं. पाचच वर्षांनी येल विद्यापीठात चौघांचा गट आणि एकेकटे बसवलेले चौघं अशी तुलना झाली. एकेकट्यांच्या कल्पनांची बेरीज गटाच्या जवळपास दुप्पट भरली. का, याचा छडा 1987 मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी लावला. लाज आणि आळस ही कारणं असतील असं वाटत होतं, पण सगळ्यात मोठं कारण निघालं ते अगदी सरळ: एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता डोक्यातलं जातं. आधी गप्प बसून लिहा, मग फेरीने वाचा, ही बाईंची पद्धत डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन या दोन अभ्यासकांनी 1971 मध्ये मांडलेली आहे. ‘कुठे बिघडत नाही?’ हा प्रश्न केपनर आणि ट्रेगो यांच्या 1965 च्या पुस्तकातला. आणि साहेबाने बैठक चालवू नये, चालवणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, साहेब इतरांसारखा बसलेला, ही मांडणी डॉईल आणि स्ट्रॉस यांची, 1976 ची. म्हणजे मी ज्याला फुगे आणि फणस समजत होतो त्याच्या मागे मुरलेला कारागिरीचा भाग होता, आणि पन्हाळ्यावरच्या त्या तरुणाला तो बहुधा कुणी शिकवला नव्हता.

चॅलेंजर यानाची हकीकत मी आधी बातमी म्हणून वाचली होती, नंतर बैठकीचा वृत्तांत म्हणून वाचली. 27 जानेवारी 1986 ची संध्याकाळ. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे लोक युटामध्ये, नासाचे अलाबामा आणि फ्लोरिडात, मध्ये टेलिफोन. थायोकोलच्या इंजिनिअरांचं म्हणणं, इतक्या थंडीत रबरी ओ-रिंग नीट बसणार नाही, उड्डाण करू नका. नासाची नाराजी दिसताच कंपनीने पाच मिनिटं मागितली आणि फोन बाजूला ठेवून अर्धा तास आपसांत चर्चा केली. त्यात वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षाला सुचवलं की आता इंजिनिअरची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घाल. चार व्यवस्थापकांनी होकार दिला. इंजिनिअर त्याच खोलीत बसले होते, त्यांचं मत घेतलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं आणि सात जण गेले.

यातली टोपी सगळ्यांना माहीत असते. मला खिळवून ठेवलं ते चौकशी आयोगाने नंतर दाखवलेल्या आलेखाने. आधीच्या उड्डाणांचा विचार करताना ज्यांत ओ-रिंगला इजा झाली तेवढीच समोर ठेवली गेली होती. ती थंडीतही होती, उन्हातही, त्यामुळे तापमानाचा संबंध दिसेना. इजा न झालेली उड्डाणंही त्यात धरली की चित्र लख्ख होतं: 66 अंश फॅरनहाइट आणि वरच्या वीस उड्डाणांपैकी तिनांतच इजा, 63 आणि खालच्या चारांत चारही वेळा. आमचं रिजेक्शनचं रजिस्टर. दुसरं काय? त्या खोलीत इंजिनिअर हुशार होते, व्यवस्थापकही मूर्ख नव्हते. ज्याला उड्डाण होण्यात किंवा न होण्यात काहीच मिळवायचं नाही आणि ज्याचं काम फक्त ‘चांगल्या निघालेल्यांचं काय?’ एवढं विचारणं आणि प्रत्येकाचं मत घेतल्याशिवाय फोन उचलू न देणं आहे, असं तिथे कुणी नव्हतं. असता तर यान वाचलं असतं असं मी म्हणत नाही. ते म्हणणं फार सोपं आहे.

एवढं झाल्यावर माणूस भक्त होतो. मी झालो नाही, आणि काही बाबतींत आता जास्त कडक आहे. निवृत्तीनंतर एका कारखान्याने बोलावलं. गैरहजेरी वाढली आहे, कामगारांनीच बसून उपाय सुचवावा अशी इच्छा आहे, असं सांगितलं. तासभर बोलल्यावर कळलं की बारा तासांची पाळी आणायचं वर ठरलं आहे आणि ती सूचना कामगारांच्या तोंडून यायला हवी आहे. मी चहा घेऊन निघालो. कास्टिंगमधला वायू कुणाच्याच फायद्याचा नसतो, म्हणून त्याच्याबद्दल सगळ्यांनी मिळून डोकं चालवता येतं. पगार, पाळी, कंत्राटी माणसं हे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाण्याचे विषय आहेत. तिथे युनियन हवी, वाटाघाटी हव्यात, वेळ आली तर कामगार आयुक्तांचं कार्यालय हवं. रंगीत चिठ्ठ्या घेऊन तिथे जाणारा माणूस गोड बोलणारा दलाल असतो, मग त्याच्याकडे कुठल्या का आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र असेना.

आणि हे सगळं अमेरिकेत निघालं असंही मानायचं कारण नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने बहुमत बाजूला ठेवून सर्वसहमतीने कारभार चालवला. एकाचा विरोध असला तरी निर्णय थांबतो. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले मित्र. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कुणीही यावं, हवं ते बोलावं, शिकावं, तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत. 2009 मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांपैकी एक म्हणून. बोलायची जागा आणि ठरवायची जागा वेगळी ठेवली की लोक बोलतात, हे त्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी आधी ओळखलं होतं. कारखान्यात सर्वसहमती चालणार नाही. तिथे एकाच्या सहीने दुसऱ्याचा पगार निघतो, आणि ते विसरल्याचं नाटक करण्यात अर्थ नाही. म्हणून मी पहिल्या पाच मिनिटांत मॅनेजरला उभं करून सांगायला लावतो, आज सल्ला हवा आहे, ठरवणार मी. काही जणांना हे फार जड जातं.

आता शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या आम्हा काही निवृत्त मंडळींचा अलिखित करार आहे. ज्याने ज्या कारखान्यात नोकरी केली त्याने तिथे जायचं नाही. माझ्या जुन्या कारखान्यात दुसरा जातो, त्याच्या जुन्या ठिकाणी मी. मला फाउंड्री कळते हा माझा सगळ्यात मोठा अडसर आहे, हे मी पैसे देणाऱ्याला आधीच सांगतो. परवाच एका ठिकाणी वाळूतल्या बेंटोनाइटवरून वाद चालला होता, आणि उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. जीभ चावून बसलो. अर्ध्या तासाने त्यांनी जे ठरवलं ते माझ्या उत्तरापेक्षा वेगळं होतं. चालेल का, कुणास ठाऊक. माझ्या मते चालणार नाही. पण वाळू त्यांची.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन आले. पार्किंगवरून दोन सभा उधळल्या आहेत. एकाने दुसऱ्याच्या स्कूटरची हवा सोडली, दुसऱ्याने पोलिसांत अर्ज दिला. चेअरमन म्हणाले, ‘काका, तुम्ही तर आता गावभर हेच करता. रविवारची सभा तुम्हीच चालवा, घरचं काम आहे, फीचं बघू.’ मी म्हटलं, फीचा प्रश्न नाही. माझी गाडी आहे, आणि ती गेटपाशी झाडाच्या सावलीत लागते, त्या जागेवर निम्म्या सोसायटीचा डोळा आहे. शेजारच्या इमारतीतल्या देशपांडेबाईंना बोलवा. त्या बसने जातात.

चेअरमन म्हणाले, ‘अहो, पण त्यांना आपल्याकडचं काही माहीत नाही.’